उरलेल्या मुदतीपुरतं

प्रभाग चार. जागा रिकामी.
कारणाच्या रकान्यात मी आधी लिहिलं: मृत्यू.
वकिलांनी खोडायला लावलं. सनदेत शब्द आहे ‘रिक्तता’.
माणूस मेला काय, राजीनामा देऊन फ्लोरिडाला गेला काय,
सनदेला सारखंच.

मी हॅरो बेंडची नगर चिटणीस, एकोणीस वर्षं.
मिनेसोटात नदी नोव्हेंबरातच गोठते.
लोर्ना त्वाइट मंगळवारच्या सभेनंतर
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडता खरवडता
जरा टेकल्या,
त्या टेकल्याच.

त्यांच्या नावाच्या पाटीला दोन स्क्रू होते.
एक बोटानंच निघाला,
दुसऱ्याला पक्कड लागली.
खाली लाकूड नवंकोरं, पाटीएवढंच.

साठ दिवसांत माणूस नेमा, नाहीतर निवडणूक घ्या.
निवडणुकीला अकरा हजार डॉलर,
आणि तेवढ्यात बर्फ काढायच्या गाडीचा गिअरबॉक्स येतो.
म्हणून जाहिरात दिली:
प्रभागात राहणारा हवा, वय एकवीस पूर्ण,
पाणीपट्टी थकलेली नको.

कुणी म्हणालं, आर्विडलाच बसवा, नवराच की तिचा.
पूर्वी नवरा गेला की खुर्ची बायकोकडे जायची,
जसं गॅरेज, जशी मासे धरायची होडी.
आर्विड किल्ल्या परत करायला आला होता, टोपी हातात.
‘चाळीस वर्षं तिची मतं ऐकली,’ म्हणाला,
‘एकही मला पटलं नाही.
मला बसवाल तर मतदारांची फसवणूक होईल.’
जाताना पत्र्याचा डबा ठेवून गेला,
सभेला ती वाटायची ती आल्याची बिस्किटं.
मऊ पडली होती. आम्ही खाल्ली.

अर्ज तीन आले.
एका पोरानं, सभा चार चार तास चालते
आणि त्यातले तीन तास गटाराचे, हे कळल्यावर
आपला अर्ज मागे घेतला.
राहिले डेल्मर क्विस्ट, शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर,
इथल्या निम्म्या मतदारांना त्यांनी कधीतरी
गप्प बसायला सांगितलेलं;
आणि रोझाल्बा इबारा,
टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळीची मुकादम.

तीन विरुद्ध तीन.
पुन्हा तीन विरुद्ध तीन.
तिसऱ्या फेरीला महापौर चष्मा पुसत बसले,
चौथ्या फेरीला कुणी कुणाकडे बघेना.
पाचवीनंतर सनद म्हणते: चिठ्ठी टाका.
कशात टाकायची, ते सनद म्हणत नाही.

डबा तेवढा जवळ होता.
मी तो उलटा करून झटकला,
दोन्ही चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या घातल्या,
आणि तोंड खिडकीकडे करून हात घातला.
तळाशी चुरा होता. चिठ्ठीला चिकटून आला.
नाव वाचण्याआधी मी तो फुंकला,
आणि सगळी सभा त्या फुंकरीकडे बघत राहिली.

क्विस्ट आधी उठले, हात पुढे केला,
म्हणाले, ‘बसा, पोरी.’ सवय.
रोझाल्बाबाईंनी शपथ रबरी बुटांतच घेतली,
अकराला पाळी सुरू होणार होती.

लोर्नाबाई पावणेसहा फूट.
त्या खुर्चीत यांचे पाय लोंबकळले.
‘कळ कुठंय हिची?’ माइक चालू होता,
सगळ्या गावानं ऐकलं.
डावीकडे खाली, मी म्हटलं, जरा अडते.
खुर्ची फुस्स करून उतरली.

मग जुनं कामकाज. ठराव छत्तीस,
रेल्वे फाटकापाशी एक दिवा.
तीन सभा पडून होता, अनुमोदन मिळत नव्हतं.
‘हा कुणाचा?’ त्यांनी विचारलं.
मी कागद चाळले, उगाच.
‘प्रभाग चारचा.’
‘फाटकापासनं मी रोज पहाटे येते,’ त्या म्हणाल्या,
आणि हात वर केला,
माइकशी बोलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

इतिवृत्तात लिहिलं: उपस्थित सात.

सकाळी झाडलोट करताना गसने
सवयीनं ती खुर्ची पुन्हा वर केली.
मी पाहिलं.
कळ अजून अडतेच आहे.