शनिवारपर्यंत

बुधवारी रात्री, हॉलच्या तळघरात,
जिथं रविवारच्या कोबीचा वास अजून रेंगाळत होता,
दोकियाबाईंनी माझ्या हातातली डिंकाची बंदूक काढून घेतली
आणि चमच्यांच्या खणात घालून खण बंद केला.
"जोड्यांचे तळवे चिकटव हिनं," म्हणाल्या.

मी तर तयारीनं आलो होतो.
तार, कापडाच्या पॉपी, नीलफुलं,
आणि मोबाईलमध्ये एक चित्र,
ज्यात फुलांचं कडं मिनिटभरात तयार होतं.
दार्का नऊ वर्षांची. शनिवारी पहिल्यांदा नाचणार.
कडं आईनं करायचं असतं.
आई व्हँकुव्हरला असते.
कधी कधी फोन येतो, तिकडे दोन तास आधीची वेळ असते.

"तार गोल वळव. डोक्याहून दोन बोटं सैल."
मी गुडघ्यावर वाकवली. हाताला कुंपणाची सवय,
चौकोन झाला.
बाई काही बोलल्या नाहीत. चहा ओतला.
वरच्या खिडकीत एप्रिल होता, आणि तरी बर्फ.

"आधी तारेला चिंधी गुंडाळ, पुरती.
उघडी तार केस ओढते,
आणि मुली सांगत नाहीत, नाचत राहतात."

मग देठ तारेला टेकवायचं,
वरून दोन वेढे, खालून एक,
पुढच्या फुलाचं डोकं मागच्याच्या देठावर,
म्हणजे कुणाचंच बांधलेपण दिसत नाही.
सांगायला काय जातं.
माझी बोटं गवताचे भारे आवळणारी;
पहिली पॉपी गळा दाबल्यासारखी दिसली.

"निरगाठ नको रे मिरोन. सुरगाठ मार."
सुटेल, मी म्हटलं.
"सुटायलाच हवी. रविवारी सगळं सोडवायचं असतं,
फिती साबणात बुडवायच्या,
ओलसर असतानाच इस्त्री,
आणि पुढच्या पोरीला.
डिंक लावलास, तर कात्री लागते."

त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला.
आत फिती, गोगलगायींसारख्या वळून बसलेल्या.
ही तपकिरी, टोकाला करपलेली: ओलेना, इस्त्रीपाशी भांडली होती.
ही हिरवी, स्तेफकाची. तिच्याबद्दल
त्यांनी फक्त फीत बोटावरून ओढली, आणि पुन्हा वळवली.
मग एक पिवळी.
"नादियाची. अठ्ठ्याण्णव साल. पुढचे दोन दात नव्हते,
तरी तोंड मिटत नव्हतं."

मी ती दिव्याखाली धरली.
मधोमध एक चुणी होती, आडवी,
कुणाच्या तरी हातची गाठ,
छब्बीस वर्षं इस्त्री खाऊनही तिथंच.
हिला कुठं लावू, मी विचारलं.
बाई कपबश्या विसळायला उठल्या.

मागं लावली. मानेच्या बरोब्बर वर.
गाठ तीनदा सुटली.
चौथ्यांदा मी चुणीवरच मारली,
आणि ती बसली, जणू जागा राखूनच ठेवली होती.

शनिवारी तिसऱ्या गिरकीला एक निळी फीत निघाली.
रंगमंचावर पडली, पोरी तिच्यावरून उडाल्या.
पहिल्या रांगेतून दोकियाबाईंनी मान वळवली,
नाचाकडे नाही, माझ्याकडे.
मी हात वर करून चार बोटं दाखवली.
दार्का हसत होती, सगळ्या दातांनिशी.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तिनं एक टोक ओढलं,
आणि अख्खं कडं भराभर उलगडत गेलं.
ती आधी घाबरली. मग म्हणाली, परत बांध.
बांधलं. परत ओढलं.
दुपार त्यातच गेली. फोन एकदा वाजला;
तिनं घेतला, पिवळी फीत मनगटाला गुंडाळत,
सोडत, गुंडाळत, बोलत राहिली.

सोमवारी मी डबा परत नेला.
दोकियाबाईंनी चष्मा लावला, मोजल्या.
"एक कमी आहे."
"आहे," मी म्हटलं.
त्यांनी झाकण लावलं,
आणि खणातून माझी बंदूक काढून दिली.