वाटाड्या

दोन-एफच्या दारापासून दोन-जीच्या दारापर्यंत
आणि तिथून परत.
रुआसीच्या विमानतळावर सोळा वर्षं मी एवढंच चालवते आहे.
छातीवर नाव लावलंय, ताओस,
पण वाचत कुणी नाही.
पायरीवर एक पाय ठेवून विचारतात, ही बस जाते ना?
कुठे, ते सांगत नाहीत.
मी म्हणते, जाते.

इथे माणसाला चकवा लागतो.
दोन-ए, दोन-बी, मग सी, मग डी,
ई तर तीन तुकड्यांत,
आणि जी पार शिवेबाहेर, शेताच्या बांधावर,
भांडून वेगळा निघालेल्या धाकट्या भावासारखा.
पॅरिसहून येणारी गाडी ओल्नेला दुभंगते:
एक फाटा विमानांकडे,
दुसरा मित्रीला, जिथे मी राहते.
आठवड्यातून एकदा तरी कुणी झोपाळू
माझ्या स्टेशनावर उतरतो, दोन पेट्या ओढत,
आणि बेकरीसमोर उभा राहून
आभाळात आपलं विमान शोधतो.

आदेलिनु फ्राझांव मंगळवारी यायचा.
सामान नाही. इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्र.
टर्मिनल एकची ती गोल काँक्रीटची इमारत,
तिच्या भिंतीत माझे विसाव्या वर्षीचे हात आहेत, म्हणायचा.
कुठल्या मजल्यावरून कोण पडला होता, तेही सांगायचा,
नावानिशी.

टर्मिनलांमधली ती फुकटची, बिनचालकाची गाडी,
तिच्यात तो संध्याकाळपर्यंत फिरे.
नकाशासमोर तोंड उघडं टाकून उभं राहिलेलं माणूस
त्याला लांबून कळे.
ही बस नको बाई, ही पार्किंगला जाते.
आत येऊन हाका मारतो त्याच्या टॅक्सीत बसू नका,
बाहेर रांग आहे.
पहाटेची आगगाडी नसते,
पण सफाईवाल्या बायका रात्रीच्या बसने येतात,
ती कुठून सुटते ते त्यांनाच विचारा.
कुणी नाणं पुढे केलं तर मात्र भडकायचा.

तू कधी बसलास का रे विमानात?
कशाला? ऑगस्टात मोटार असते की.
दीड दिवस रस्ता, बायको शेजारी,
तिच्या मांडीवर चिरलेलं खरबूज.

मग चार मंगळवार तो आला नाही.

पाचव्याला आला तो पेटी घेऊन.
कोरी पेटी, दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.
पायरीवर एक पाय ठेवून म्हणाला,
ही बस जाते ना?

हसायला हवं होतं मी.
दोन-जीला जाते, म्हटलं. सहा मिनिटं.
उतरलात की डाव्या हाताला.
त्याने मान हलवली, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

चौकाला वळसा घेताना म्हणाला, मोटार विकली.
बायकोचं मी विचारलं नाही.
धावपट्टीकडेच्या गवतात एक ससा कान उभारून बसला होता,
तो आम्ही दोघांनी पाहिला.

आलो तेव्हा चालत आलो होतो, तो म्हणाला,
डोंगरातून, रात्रीचे, कागदांवाचून.
निघताना माझा फोटो फाडला:
अर्धा आईकडे, अर्धा माझ्या बुटात.
पोचलो की माझा तुकडा टपालाने धाडायचा,
दोन्ही जुळले की आई वाटाड्याचे पैसे चुकते करणार.
मग?
मग काय. जुळले.

दार उघडलं. त्याचा पाय निघेना.
आत आता काही फाडतात का?
नाही हो. काचेवर टेकवायचं, बीप वाजतं, झालं.
तो विचारात पडला.
मग पोचलो, हे घरी कळणार कसं?

मागे सतरा जणं खोळंबलेली,
रेडिओवर कंट्रोल ओरडत होता, दोन-जी, दोन-जी, काय झालं.
मला उत्तर सुचेना.
पेटीवरची ती चिठ्ठी तेवढी ओढली,
उगाच वाईट दिसत होती म्हणून.
अर्धीच हातात आली.

आहे अजून, माझ्या खिडकीच्या रबरात खोचलेली.
किमतीचे शेवटचे दोन आकडे.
उद्या मंगळवार.