गट्टी

मंदाचं मनगट मोडलं, आणि
एकोणचाळीस वर्षांनी मला कळलं की
आमच्या घरात हात कशाला पुसतात
हे मला माहीत नाही.

होतं एक फडकं. ओट्याच्या कडेला, खिळ्यावर,
मधे इतकं विरलेलं
की त्यातून खिडकी दिसायची.
तिच्या हाताला ते ऐकायचं.
माझ्या हातात नुसतंच ओलं व्हायचं.

मग कॉलेज रोडवरून
मी एक देखणा टॉवेल आणला.
मऊ, अननस छापलेला, फीत बांधलेला.
त्यानं पाणी ताटाच्या या काठावरून त्या काठाला नेलं,
फुलपात्रावर धागे सोडले,
आणि तिसऱ्या धुण्याला
अननसांचे शेंडे गेले.
खुर्चीतून मंदा म्हणाली,
"पाहुणा आणलासा की.
बसवून ठेवा त्याला."

रविवारी खासबागेच्या बाजारात
भाजी संपते तिथं, मिरच्यांच्या पोत्यांपलीकडं,
वडगावच्या नीलव्वा बसल्या होत्या.
घरचा माग, घरचा माल,
गुडघ्यावर एक घडी उलगडलेली.
"स्वयंपाकघराला पाहिजे," म्हटलं,
"दिसायलाही बरं असू दे."
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
पावती हरवलेल्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं.

कापड उन्हात धरलं. "भोकं दिसत्यात?"
नव्हती दिसत.
तांब्यातला एक थेंब टाकला.
तो मण्यासारखा घरंगळत खाली.
माझा चेहरा पडला असणार.
"खळ हाय ती.
नवी सून पहिल्या दिवशी पोटभर जेवती काय?
रातभर भिजवा, उकळा, दोनदा आपटा.
मग बघा."

मी गडद तपकिरी उचलला. डाग दिसणार नाहीत.
त्यांनी तो हातातून काढून घेतला.
"हळद लपवणारा रंग घेऊ नका.
डाग दिसला तर उन्हात उडतो.
लपला तर तिथंच कुजतो."

मग आपल्या कमरेचं फडकं काढून दाखवलं,
तीन दिवाळ्या झालेलं,
काठ अजून काठाच्या जागी, दुहेरी मुडपलेला.
माझा अंगठा त्यावर ठेवला. "ओढा."
ओढलं. आणखी ओढलं.
"गट्टी ऐत्री," नीलव्वा म्हणाल्या.

हा शब्द मी जन्मभर ऐकत आलो,
भिंतीबद्दल, करवंटीबद्दल,
शेजारच्या बसप्पांच्या दातांबद्दल.
त्यांच्यात गट्टी म्हणजे पक्कं, टिकणारं.
आमच्यात गट्टी दोघांची जमते.
एकाच गल्लीत राहून हे दोन शब्द
माझ्या कानात कधी भेटलेच नव्हते.

दुधाळ रंगाचे दोन घेतले, वांगी काठाचे.
एकशे साठ.
मंदा असती तर वीस कमी केले असते.
मी नुसताच काठ बघत उभा राहिलो,
मागून कुणीतरी म्हणालं, "सरका की ओ."

भिजवले, उकळले, आपटले.
पाणी पिठाळ झालं, मग कमी पिठाळ.
गच्चीवर वाऱ्यात एक तारेला गुंडाळला गेला
तो सोडवताना बसप्पा कठड्यावरून हसले.

संध्याकाळी मंदानं डाव्या हातानं
एक चुरगाळला, सोडला, वास घेतला.
मग प्लॅस्टरमधून डोकावणारी
स्वतःची बोटं त्यानं पुसली,
एकेक करून, वेळ लावून.
"बरा आहे," म्हणाली. बरं म्हणजे तिच्याकडं पुष्कळ.
"खिळा ठोका आणखी एक.
हा माझा. तो तुमचा."

खिळा वाकडा बसला.
काढायला गेलो तर म्हणाली, राहू दे.

चहाचं पातेलं उतरवायला
मी माझ्याची चौपदरी घडी केली.
चटका बसला नाही.
म्हणजे बसला, थोडा,
पण पातेलं धरून ठेवलं.