अकरा मिलिग्रॅम

काट्यावर उंदराची डावी पोटरी ठेवते.
मज्जातंतू कापून अठ्ठावीस दिवस झाले,
उजवीच्या निम्मी राहिली आहे,
रंगही उतरला, उकडलेल्या माशासारखा.
वहीत बाटलीचा फक्त नंबर: सतरा.
आत औषध की मिठाचं पाणी, मलाही सांगायचं नाही.

शुक्रवारी पाकीट फोडलं. सतरा म्हणजे औषध.
सतराच्या पोटऱ्या अकरा मिलिग्रॅमने जड.
अर्धा तांदूळ.

रविवारी गोठलेल्या समुद्रावरून भावाकडे जाते,
औलूहून हाइलुओतो बेटावर.
या रस्त्यावर सीटबेल्ट लावायचा नाही,
बर्फ फुटला तर उडी मारता यायला हवी.

आर्मासची बाही लाकूड-कारखान्याच्या पट्ट्यात गेली,
खांद्यातले तंतू तुटले.
सर्जननं पायातला एक काढून वर सांधला.
नवा तंतू रोज एक मिलिमीटर सरकतो,
मुंगीसुद्धा हसेल.
खांद्यापासून अंगठ्यापर्यंत सातशे,
वाटेत कुठे रेंगाळला नाही तर.
स्नायू तेवढा थांबत नाही.
वरून निरोप येईनासा झाला
की स्वतःलाच खायला लागतो.
मग तंतू पोचला तरी सांगणार कुणाला?

शिवणाची टेप घेऊन मी त्याचा हात मोजते.
अंगठ्याजवळ खळगा पडलाय.
"मीठ ठेवायला बरा," तो म्हणतो.
आणि दर रविवारसारखं विचारतो,
"उंदीर कसे आहेत?"
शेजाऱ्यांची चौकशी करावी तसं.

अकरा मिलिग्रॅम, मी सांगते.
उजव्या हातानं डावा उचलून
तो टेबलावर ठेवतो, पावाच्या लादीसारखा.
"मग चालला का तो?"

तो आता नाही, आर्मास.
त्याला मारल्याशिवाय काटा बोलत नाही.
आणि असता तरी चालला नसता.
औषधानं तंतू येत नाही,
तो यायचा तेव्हाच येतो.
तोवर हे जरा कमी झिजतं, इतकंच.

तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला.
"इतकंच," म्हणाला, "पण कमी झिजतं."
मी टेप गुंडाळली. आकडा त्यानं विचारला नाही.

परतताना फलकावर बर्फाची जाडी:
गेल्या आठवड्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी.
पुढे अंधारात तिघे जण, कपाळावर दिवे बांधून,
भोकातून समुद्राचं पाणी पंपानं ओढत होते
आणि रस्त्यावरच पसरत होते.
रात्रीत गोठेल. चढला तर नखाएवढा थर.

काच खाली करून मी हात केला.
एकानं मान हलवली, नळी सोडली नाही.