मधली जागा

कुताइसीत, रिओनीच्या काठी, ओतिया डबा बनवतो:
तीन, पाच, नऊ, बारा.
आकडे एलिसोच्या नेलपॉलिशने लिहिलेले,
नवाचं पोट जरा फुगलेलं.

पहिल्या डब्याने तिचा रेडिओ खाल्ला.
पाचवर नव्हे, नवावरही नव्हे;
बटण फिरताना मध्ये
एक हात सुटतो, दुसरा लागलेला नसतो,
आणि रेग्युलेटरला कुणी सांगत नाही
की पुरे.
अठराच्या अठरा व्होल्ट धावून आले.

आता नवा स्विच.
पुढचं धरल्याशिवाय मागचं सोडत नाही.

एलिसो उद्या पोलंडला निघालीय, सफरचंदं खुडायला.
खोली मिळाली का, विचारलं.
बघू, म्हणाली.

ओतिया मीटर लावतो.
टक्.
काटा मध्ये जरासा वाकतो,
उडत नाही.
पुन्हा टक्.