मरळ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या अंगात शिपाई कमी,
आणि जे आहेत ते घरच्यांवरच धावून जातात.
चित्रही काढलं त्यांनी, केसपेपरच्या पाठीवर:
किल्ला, भाले, उलटी फिरलेली तोंडं.
बाप बघत राहिला.
मग म्हणाला, "आमच्याकडे कुठला किल्ला, बाई.
मरळ आहे म्हना."

साकोलीच्या बसमध्ये
त्याच्या मांडीवर थर्मोकोलचा डबा,
एरवी झिंग्यांचा. आज बर्फात माझी बाटली,
आणि कितीही धुतला तरी झिंग्यांचाच वास.
लाखनी गेल्यावर तो बोलला:
मरळ पिल्लं राखते. लाल पिल्लांचा झुपका
बोडीत वर उकळी फुटल्यासारखा, खाली ती.
हात घातला तर बोट फोडते.
"अन् पानी गढूळ झालं का तेच पिले गिळते.
रागानं नाई.
तिले ओळखू येत नाई."

माझा कान वाहायचा, वर्षातले आठ महिने.
शाळेत माझ्या बाकाची दुसरी बाजू रिकामी.
दर थंडीत छातीत घरघर, भंडाऱ्याची तीच खाट,
मनगटावर तीन जणांनी बांधलेले तीन दोरे.
सतराव्या वर्षी नागपूरहून एक कागद आला.
त्यावर एका आकड्यापुढे
खाली तोंड केलेला बाण.
एवढंच.

तेव्हापासून महिन्याला एक बाटली.
सिस्टर सांगते, हजारो माणसांच्या रक्तातून
गाळून येतं हे पाणी.
कोण असतील ती? मी थेंब मोजत विचार करते:
एखादा पानठेलेवाला, एखादी मास्तरीण,
कोणीतरी ज्याला कांजिण्या होऊन गेल्या
आणि जो माझ्यासाठी त्या लक्षात ठेवतो.
मावशी स्थळ घेऊन येते, पाहुणे कूळ विचारतात.
कोणकोणतं सांगू, मावशे?

यंदा रोवणीला बांधीतून वर आले,
तर नडगीवर जांभळे ठिपके.
वाटलं चिखलाचे.
धुतले.
पुन्हा धुतले.

आता गोळ्या. जे थोडे जागे होते अंगात
त्यांनाही झोपवायच्या.
म्हणजे घरात मारामारी नाही, आणि दाराला कडीही नाही.
गोळ्यांनी तोंड सुजलं, गाल वर आले,
गावाला कोण आनंद!
रेवनाबाई नळावर म्हणाली,
"खेमलता सुधरली वो, बाप्पा!"
वाळकी म्हणून परत गेलेल्या पाहुण्यांनी
अर्जुनीहून पुन्हा निरोप धाडला.
माय हसली नाही. मी हसले,
तर हिरडीतून रक्त आलं.

रात्री निळ्या पेनानं
एकेका ठिपक्याभोवती गोल काढते,
सकाळी नवे कोणते ते कळावं म्हणून.
शेजारी बाप जाळं सांधत बसतो.
पायाकडे पाहत नाही,
पण मी पेनाचं टोपण लावेपर्यंत
त्याची सुई थांबलेली असते.
काल म्हणाला,
"गढूळ बसते खाली. येळ लागते."

आज उजेडात मोजले.
एकवीस गोल, त्यातले चार रिकामे.
आणि घोट्याच्या आत, कुठल्याच गोलात नसलेला,
मोहरीएवढा एक.

बाप बोडीवरून आला, ओला, गुडघ्यापर्यंत शेवाळ.
मी त्याला चारांचं सांगितलं.