तेलाची खाच

करंगळी आणि तिच्या शेजारचं,
ही दोन बोटं मी मगदुमांच्या लेथवर ठेवली,
उद्यमनगरात, बावीस वर्षांपूर्वी.
चकावरचं कव्हर त्यांनीच काढायला लावलेलं,
"टाइम खातंय ते, सत्ताप्पा."
नंतर कागदावर लिहिलं : कामगार पिऊन आला होता.
मी तेव्हा सुपारीसुद्धा खात नव्हतो.

बावीस वर्षं त्या माणसाला
मी मनातल्या मनात किती वेळा फेसिंग केलं,
किती कट घेतले,
चूर उडत राहिला, तो काही बारीक झाला नाही.
आठ बोटांनी स्वतःचं शेड टाकलं.
पाटी लावली. पोरगी डिप्लोमाला गेली.
तरी व्हर्नियर धरला की
नसलेली करंगळी आधी थंड पडायची.

आणि ऐन हंगामात एक दिवस ते दारात.
वडणग्याला गुऱ्हाळ घेतलंय म्हणाले,
चरकाचा बुश गेलाय, काहिली थांबल्यात,
"तुझ्यासारखा हात नाही कुणाचा."
हात म्हणाले. हात.

बुश मी केला.
गनमेटल अस्सल, बोअर आरशासारखा,
माप केसाचंही चुकवलं नाही.
फक्त आतून तेलाची खाच मारली नाही.
बाहेरून कुणाला दिसलं नसतं.
चार दिवस फिरला असता, पाचव्या दिवशी
कोरडा तापून शाफ्टला चावला असता
आणि मग काय मोडलं असतं ते मोडलं असतं.

सूड घ्यावा का, असं कुणी विचारलं
तर मला नीट सांगता येत नाही.
त्या रात्री झोप मात्र झकास लागली.
खोटं कशाला बोलू.
बायको म्हणाली, घोरत होता.

दुसऱ्या दिवशी ते पैसे घेऊन आले. रोख, पुरते.
चहा मागवला. माझ्या हाताकडं बघून म्हणाले,
"तुझं बोट गेलं त्या दिवशी
मी किती पळलो रे सीपीआरला.
रक्तानं शर्ट भरला माझा. विसरत नाही मी."

मला आठवत होता रिक्षावाला,
आणि टॉवेल धरून बसलेला हेल्पर दस्तगीर.
हे नव्हते.
पण त्यांचे डोळे भरलेले, खरेखुरे.
ज्याच्यावर मी बावीस वर्षं धार लावत होतो
तो माणूस त्यांच्यात राहतच नव्हता,
खोली सोडून गेलेला,
पत्ता फक्त माझ्याकडं.

तिसऱ्या रात्री नवा बुश केला.
खाच मारली, नखानं चाचपून बघितली.
पहाटे शिवाजी पूल ओलांडताना
पंचगंगेवर धुकं, गाडीच्या डिकीत पान्हे वाजत.
वाटेत दोनदा वाटलं, मागं फिरावं.

चरकावर ऊस घालत होता एक पोरगा,
शर्टाची बाही लोंबती, डोळ्यांत झोप.
बुशला हात लावला. तापायला लागला होता.
म्हणालो, बंद करा.
गुळव्या शिव्या घालायला लागला,
काहिलीत आधण रंगात आलंय, आता कसलं बंद?
मी बेल्टच पाडला.

मगदूम उठून आले मफलर गुंडाळत.
"काय झालं रे?"
"काही नाही. खाच राहिली होती."
"कुणाकडनं?"
"माझ्याकडनं."
मान हलवली त्यांनी, जाऊ दे म्हणाले,
माणूस आहे, चुकतं.
मला. माफ. त्यांनी केलं!
पान्हा हातात होता माझ्या, अठराचा.

माफ मी केलेलं नाही, हे लिहून ठेवा.
बुश बदलला, एवढंच.
धातू माझा, पेट्रोल माझं, दोन रात्री माझ्या,
आणि त्या पोराला म्हणालो, बाही वर कर आधी.

निघताना त्यांनी कोमट गुळाची
एक लहान ढेप कागदात बांधून दिली,
पोरीला ने म्हणाले.

ती अजून शेडातल्या फळीवर आहे,
ड्रिलच्या डब्याशेजारी. मुंग्या लागल्यात.
खाल्ली नाही मी.
टाकलीही नाही.